पहिलं मेलं का?

हसा, हसा. मोनिषा, तू तोंडावर हात ठेवून हसतेस म्हणजे जास्तच हसतेस. सगळं एका कमांडवर होत असताना हा म्हातारा फोनवर तीन-तीनदा 'मेलं का, मेलं का' काय विचारत बसतो, असंच ना? भुवन, तू त्या स्क्रीनवर लक्ष ठेव. नवं मशीन अजून मागे आहे. साखळी गाठायला त्याला तास-दीड तास तरी लागेल. तोवर इथून कोणी हलायचं नाही. फ्लास्कमध्ये कॉफी आहे, डब्यात कोडबळी आहेत, माझ्या बायकोच्या हातची. दात सांभाळून खा.

तुम्हाला येऊन महिना झाला. काम काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, मी तर टेलिफोन खात्यातून उतारवयात इकडे आलेला माणूस. पण माझ्या आईला मी ते जसं समजावलं होतं, तसं सांगतो. जगभर हजारो मशीनं जागी बसलीत. लोकांचे व्यवहार खरे आहेत म्हणून सह्या करतात आणि ते एकामागे एक साखळीत ओवतात; मशीन उशिरा जागं झालं, तर आधी मागची साखळी वाचून गाठतं, मगच सही करतं. त्यातलं एक आपलं. सही करायला त्याच्याकडे एक गुप्त किल्ली आहे. मशीन झोपलं तर थोडासा दंड होतो, कान धरला की सुटलो. पण एकच किल्ली दोन मशीनांत एकाच वेळी जागी झाली, एकाच नावाच्या सह्या दोन ठिकाणांहून आल्या, तर मात्र माफी नाही. लोकांनी आपल्या भरवशावर ठेवलेली ठेव जाळून टाकतात आणि आपलं नाव कायमचं बाहेर काढतात. झोपलेला चालतो. दोन झालेला चालत नाही.

आई सुपारी कातरत म्हणाली होती, "म्हणजे पहिला मेल्याशिवाय दुसऱ्याला उठवायचं नाही. एवढंच ना?"

एवढंच.

म्हणून आज बंगळुरूच्या रॅकच्या खोलीत प्रमोद जाऊन उभा आहे. नवं मशीन तयार झालं की तो जुन्याची वायर हाताने उपटणार, मी फोनवर तीनदा विचारणार, तो तीनदा 'मेलं' म्हणणार, मग पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, आणि मग भुवन इथे बटण दाबणार. ही पद्धत माझी नाही. नंजुंडची आहे. हुणसूरचा होता. इथलं अर्धं काम त्याने उभं केलं. तुम्ही यायच्या आधीच गेला, हुणसूरच्या रस्त्यावरच, लॉरीखाली. पण तो असेपर्यंत ही पद्धत एकदाही मोडली नाही. मोडली ती तो गेल्यावर.

कोणी, ते नाव विचारू नका. माझ्या ओळखीचा मुलगा. आपण त्याला लोहित म्हणू.

लोहित माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा, विजयनगरच्या दुसऱ्या टप्प्यात. बायको सहना. पाच वर्षांची मुलगी, घरात सगळे तिला पुट्टी म्हणायचे. आणि त्या पोरीसाठी हा इतका वेडा की मीटिंगच्या मधे उठून तिच्या बाहुलीचा हात जोडून द्यायचा. आम्ही चिडवायचो, "गुरू, तुझा खरा मालक पाच वर्षांचा आहे." तो म्हणायचा, "पगार तीच ठरवते सर."

गेल्या वर्षीची सात जानेवारी. मंगळवार. संक्रांत आठवड्यावर आली होती. सहना एळ्ळु-बेल्लाच्या तीळ-गुळासाठी खोबरं कातरत होती, आणि पावट्याचे दिवस, त्यामुळे सगळ्या गल्लीत सारूचा वास. संध्याकाळी बंगळुरूचं मशीन गप्प झालं. सही नाही, उत्तर नाही. रॅकच्या खोलीतला माणूस फोन उचलेना. आपलं राखीव मशीन तेव्हा हुणसूरला होतं, नंजुंडच्या रिकाम्या घरात. त्याची आई मुलगा गेल्यावर मंड्याला लेकीकडे गेली होती. घराला कुलूप, किल्ली मीटरच्या डब्यावर, आत मशीन एकटं सुरू. इथून त्याला हात लावता येईना, लाइन धड नव्हती.

लोहितचा मला फोन आला. "सर, मीच जाऊन येतो हुणसूरला. तासाभराचा रस्ता आहे. राखीव उठवतो, आणि जेवायला घरी."

मी म्हटलं, "बंगळुरूचं मेलंय हे कोणी पाहिलं?"

"गप्प आहे ना सर. अर्धा तास झाला."

"गप्प म्हणजे मेलं नव्हे. माणूस फोन उचलेपर्यंत थांब."

"बघतो," म्हणाला आणि हसत सांगायला लागला, "पुट्टीने माझ्या घराच्या किल्लीला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. म्हणजे अप्पाची किल्ली हरवणार नाही म्हणे. ओला आहे अजून, माझी बोटं बघा लाल झाली."

काय गं मोनिषा? का थांबलीस चावायची?

… हो. लाल ठिपका. पुढे ऐक.

गेला मोटरसायकलवर. बिळिकेरेला टपरीवर थांबून पुन्हा फोन. "सर, चहात आलं जास्त झालंय, पण या थंडीत बरं वाटतंय." अगदी निवांत. मी घरी बातम्या बघत होतो. मग हुणसूरला पोचल्यावर फोन. नंजुंडच्या घरात शिरलाय, दिवा लावलाय, मशीनसमोर बसलाय. आता नंजुंडने काय करून ठेवलं होतं, की ते राखीव मशीन उठवायला गेलं की स्क्रीनवर आधी एक प्रश्न यायचा. पहिलं मेलं का? हो लिहिल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

लोहित म्हणाला, "सर, नंजाने हा काय वैताग करून ठेवलाय. मेल्यावरही प्रश्न विचारतोय बघा."

"त्याचं उत्तर तुला माहीत नाही. थांब म्हणतोय ना."

"लिहिलं सर."

"काय?"

"हो लिहिलं. होतंय सुरू. आता साखळी गाठेल आणि सही करेल."

मी संतापलो. दोन शब्द सुनावणार तेवढ्यात तो म्हणाला, एक फोन येतोय, धरा. आणि परत आला तो धापा टाकतच. तो फोन बंगळुरूच्या माणसाचा होता. जेवायला गेला होता म्हणे. तिकडचं मशीन मेलेलं नव्हतंच. नेटची वायर नुसती सैल झाली होती, ती त्याने खोचून दिली. सह्या सुरू झाल्या होत्या.

कळतंय ना? दोन्ही जिवंत.

लोहितने हातातलं सगळं टाकून भिंतीतली वायर उपटली. स्क्रीन काळी झाली. खोलीतला नेटचा डबाही विझला. मी इकडे लॅपटॉप उघडला. दंड आलाय का पाहिलं. नव्हता. राखीव मशीन अजून मागे होतं, पहिली सही करायच्या आधीच तुटलं होतं. थोडक्यात वाचलो होतो.

तो हसायला लागला. घाबरून सुटलेला माणूस हसतो तसा. "वाचलो सर! वाचलो! उद्या तुम्हाला मसाला डोसा माझ्याकडून." मीही हसलो. म्हटलं, आधी घरी फोन कर, बायको वाट बघत असेल.

त्याने घरी फोन केला.

हे मला त्याने नंतर सांगितलं. सहनाने उचलला. हा म्हणाला, "निघतोय आता. तासाभरात येतो. पुट्टी झोपली का?"

तिकडे फोन या कानावरून त्या कानाला गेल्याची खरखर.

"ऐकू येतंय का?"

ती हळूच म्हणाली, "कोण बोलतंय?"

"अगं मी."

"… चेष्टा करू नका हं. कोण आहात तुम्ही? माझे यजमान इथे जेवायला बसलेत."

आणि त्याला मागून आवाज ऐकू आला. ताटावर वाटी ठेवल्याचा. आणि मग एक पुरुषाचा आवाज. "कुणाचा फोन गं?"

त्याचाच आवाज.

मग फोन बंद झाला. त्याने परत लावला, कोणी उचलला नाही. मग मला लावला. पोरांनो, मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. माणसाचा आवाज तारेवर किती प्रकारे बदलतो ते मला माहीत आहे. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सर, माझ्या घरी जा. आत्ता. पुट्टी आहे तिथे. फोन ठेवू नका, खिशात चालू राहू द्या. मी निघालो."

मी शर्टावर शाल घेतली आणि चालत निघालो. दोन गल्ल्या तर आहेत. मनात म्हणत होतो, चोर असेल. कोणी ओळखीचा असेल, सहनाने घाबरून काहीतरी सांगितलं असेल. मी स्वतःला काय काय समजावलं. पोर्चमध्ये त्याची मोटरसायकल नव्हती, ते बघून जरा बरं वाटलं. बेल वाजवली.

दार लोहितने उघडलं.

अंगात तोच स्वेटर. हात ओले. उष्टा हात धुऊन आलेला माणूस. माझ्याकडे बघितलं. पण कसं सांगू… माझ्याकडे बघितलं आणि बघितलं नाही. आणि माझ्या खिशात फोनमध्ये वारा वाजत होता. मोटरसायकलचा. आणि त्या वाऱ्यातून लोहित ओरडत होता, "सर? पोचलात का सर?"

खोटं कशाला सांगू, मला तिथून पळून जायचं होतं.

मी आत गेलो, कारण आत सहना उभी होती. स्वयंपाकघराच्या दारात, पुट्टीला कडेवर घट्ट धरून. पाच वर्षांच्या पोरीला कोणी इतका वेळ कडेवर घेत नाही. तिने मला डोळ्यांनी जवळ बोलावलं. तो जाऊन सोफ्यावर बसला.

ती कुजबुजली, "सर, फोनवर कोण होतं?"

मी खिशातला फोन मुठीत दाबला.

"केव्हा आले हे?" मी विचारलं.

"मगाशीच. दार वाजलं, उघडलं, तर हे. गाडी नाही, हेल्मेट नाही. म्हटलं गाडी कुठे, तर बोलले नाहीत. सर, हे विचित्र बोलतायत. आल्या आल्या मला विचारलं, स्वेटर कुठाय गं? स्वेटर अंगातच आहे! आणि हे त्यांनी संध्याकाळी जाताना विचारलं होतं. अगदी असंच. मग पुट्टीला म्हणाले, हात लावू नकोस, रंग ओला आहे. तेही संध्याकाळचंच. मी गप वाढलं. काय करणार?"

आम्ही दोघं तिथून बघत होतो. तो सोफ्यावर सरळ बसला होता, हात गुडघ्यांवर. समोर टीव्ही बंद. आणि त्या बंद टीव्हीकडे बघून, कोणाशी तरी बोलावं तसं तो म्हणाला,

"सर, चहात आलं जास्त झालंय, पण या थंडीत बरं वाटतंय."

बिळिकेरे. टपरी. हे तो माझ्याशीच बोलला होता, दीड-दोन तासांपूर्वी.

मी स्वयंपाकघरात गेलो, दार लोटलं, फोन कानाला लावला. म्हटलं, "लोहित, गाडी बाजूला घे."

"पुट्टी?"

"ठीक आहे. सहनाजवळ आहे. गाडी बाजूला घे आधी."

वारा थांबला. तो तळ्याच्या बांधावर होता, हुणसूरच्या जरासा बाहेर. मी त्याला सांगितलं. जे दिसलं ते सगळं. तो स्वेटर, तो ठिपका, ते आलं. बेडकांचा आवाज येत होता मागे.

मग म्हणाला, "सर… तो मागे आहे."

"म्हणजे?"

"मागे आहे. माझी संध्याकाळ तो आता करतोय. पहिल्यापासून. तो गाठतोय, सर."

बाहेरून आवाज आला. सोफ्यावरून. "सर, नंजाने हा काय वैताग करून ठेवलाय."

टपरीवरच्या चहापासून नंजुंडच्या घरापर्यंत एका दमात पोचला होता. वेग वाढला होता.

भुवन, तू रोज बघतोस. नवं मशीन आधी हळूहळू गाठतं आणि शेवटी शेवटी सरसर पुढे येतं. येतं ना? आणि गाठलं की काय करतं?

… सही करतं. बरोबर.

लोहित म्हणाला, "पण मी तर बंद केलं. वायर काढली. स्क्रीन गेली." आणि एकदम थांबला. "सर, पंखा."

"कुठला पंखा?"

"मशीनचा. स्क्रीन काळी झाली तरी आत पंख्याचा आवाज येत होता. मी हसत होतो ना, मला ऐकू येत होता आणि मी हसत होतो. टेबलाखाली यूपीएस आहे सर. नंजाने मोठी बॅटरी लावलीय. भिंतीतली वायर काढली म्हणून काय झालं… ते जिवंत आहे. नुसतं नेट तुटलंय. कुणाशी बोलता येत नाहीये त्याला. पण जिवंत आहे."

मी म्हटलं, "सकाळपर्यंत थांब. मी येतो. दोघं जाऊ. एकटा जाऊ नकोस त्या घरात."

"सकाळपर्यंत तो गाठेल."

"लोहित…"

"सर, पुट्टी तिथे आहे." मग गाडी सुरू केली. "मी परत जातो. तुम्ही तिच्याजवळ बसा. आणि नंजाचं आहे तसं करू. तुम्ही तीनदा विचारा. मी तीनदा सांगतो. मग मी घरी येतो."

मी बाहेर आलो. सहनाला म्हटलं, पोरीला घेऊन आतल्या खोलीत जा, कडी लाव. पण पुट्टी ऐकेना. तिला अप्पा हवा होता. ती सुटली आणि धावत जाऊन सोफ्यावर त्याच्या शेजारी बसली. सहना जागच्या जागी रडायला लागली, आवाज न करता. मी जाऊन पुट्टीला उचललं, माझ्या मांडीवर घेतलं आणि समोरच्या खुर्चीत बसलो. तो समोर. आमच्यामधे एक टीपॉय. टीपॉयवर त्याने खिशातलं सामान काढून ठेवलं होतं. पाकीट. किल्ली.

किल्लीवर लाल ठिपका. ओला.

आणि फोनमध्ये लोहित सांगत होता, "पोचलो सर. दार उघडंच आहे. मी लावलं होतं ना? … लावलं होतं."

"बोलत राहा," मी म्हटलं.

"दिवा लागत नाहीये. मोबाइलचा लावतो. … पंखा ऐकू येतोय सर."

समोरचा म्हणाला, "वाचलो सर! वाचलो!" आणि हसला. तसाच. तेवढाच वेळ. मग हसू एकदम बंद.

आता त्याचे ओठ फक्त हलत होते. लोहित फोनवर जे बोलायचा त्याच्या मागून हे ओठ हलायचे. मग आवाजही फुटला, पुसटसा.

"खाली वाकलोय सर. बॅटरी सापडली."

"खाली वाकलोय सर. बॅटरी सापडली," समोरून.

"वायर खूप आहेत."

"वायर खूप आहेत."

अंतर कमी होत होतं. आधी एक श्वास. मग अर्धा. पुट्टी माझ्या शालीत तोंड खुपसून बसली. तिलाही कळलं होतं काहीतरी.

"धरली सर," लोहित म्हणाला.

"धरली सर."

आता दोन्ही आवाज एकच झाले. फोनमधून आणि सोफ्यावरून. एकदम. मला कुठला कुठून येतोय ते कळेना.

"सर, पुट्टीला झोपवा. उशीर झालाय." एकदम.

मग एक खट्ट आवाज आला फोनमध्ये. पंखा… मी ऐकला, सांगतो तुम्हाला. फिरत फिरत मंदावत गेलेला पंखा. थांबला.

मी विचारलं, "मेलं का?"

"मेलं." दोघं.

"मेलं का?"

"मेलं." दोघं.

मी श्वास घेतला. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं. अजून विचारलंही नव्हतं.

"मेलं."

सोफ्यावरून. एकट्याने.

मी फोन कानाला दाबला. "लोहित? लोहित, मेलं का? … लोहित!" फोन चालू होता. कट झाला नव्हता. त्या घरातली शांतता ऐकू येत होती मला. छपरावर काहीतरी टपटपत होतं. दव असेल. माणूस नव्हता.

समोरच्याने जांभई दिली. डोळे चोळले. माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी खरंच बघितलं. "अरे सर! तुम्ही केव्हा आलात? सहना, सरांना कॉफी नाही दिलीस?" मग हात पुढे केले. "पुट्टी, ये. किती उशीर झालाय."

पुट्टी माझ्या मांडीवरून उतरली आणि त्याच्याकडे गेली.

मी काय करणार होतो? सांगा. काय करणार होतो?

सकाळी मी बसने हुणसूरला गेलो. मोटरसायकल अंगणात, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. दार उघडं. मशीन थंड. सगळ्या वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेल्या. टेबलावर त्याचा मोबाइल, आणि मोबाइलवर एक किल्ली. त्याच्या घराची. लाल ठिपका.

मोबाइल आणि गाडी मी त्याला परत दिली. "अरे हो, तिथेच राहिलं," म्हणाला. किल्ली नाही दिली. ती मी ठेवून घेतली, कारण त्याच्याकडे एक होतीच.

सहनाने मला कधी काही विचारलं नाही. संक्रांतीला एळ्ळु-बेल्ला घेऊन आली, पायाला हात लावला, पण वर बघितलं नाही. या वर्षीही आली. या वर्षीही नाही. मला तो मुलगा फार आवडायचा. अजून आवडतो. पण कोणता, हे मला सांगता येत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

झाली गोष्ट. आता हसायचं तर हसा. भुवन, गाठलं का त्याने? गाठलं. वा. वेळेत. मोनिषा, बघ कोणाचा फोन वाजतोय… प्रमोद. स्पीकरवर टाक.

हां, बोल प्रमोद. … इकडे तयार आहे. तू वायर धरलीस का? … यूपीएसची पण? … काढ.

… मेलं का?

… मेलं का?

… मे—

बरं. बरं. ऐकू आलं. थांब तिथेच, मग निघ. हो, डोसा तुझ्याकडून. ठेवतो.

काय झालं मोनिषा? हो, पुरतं विचारूच देत नाही तो. तूच मागच्या आठवड्यात म्हणालीस ना, प्रमोद सर म्हणजे विचारायच्या आत उत्तर.

… आत्ता लक्षात आलं होय तुमच्या. बसा खाली. बसा. घाबरायचं काही नाही, चांगला माणूस आहे, तुम्हाला शिकवतो, सांभाळतो. लोहित वगैरे कोणी नाही. प्रमोदच तो. दुपारी निघताना त्याने तुम्हाला किल्ली दाखवली ना? मुलीच्या शाळेत खेळांचे सामने आहेत, ती हिरव्या गटात, म्हणून तिने सकाळी लाल ठिपक्यावर हिरवा रंग चढवला. भुवनच्या बाहीला लागला, त्यावरून तुम्ही किती हसलात. ते बघूनच तर मला आज ही गोष्ट आठवली.

खोटी वाटते? भुवन, माझ्या टेबलाचा खालचा खण. ही घे त्याची चावी, माझ्या गळ्यात असते. कोणी उघडत नाही तो. मीही वर्षभरात उघडला नाही. तपकिरी पाकीट आहे बघ. चिकटपट्टी लावलेली. फाड. त्यात ती दुसरी किल्ली आहे, हुणसूरची, लाल ठिपक्याची. मोनिषाच्या हातावर ठेव, बघू दे तिला.

… काय?

दिव्याखाली धर.

… हिरवा कसा असेल? लालच असेल. नीट बघ.

दे इकडे. … नको, राहू दे. तुझ्याच हातात राहू दे.

मोनिषा, बोट दाखव.

… ओला आहे अजून?